ओपन आला, क्लोज हुकला

मुंबईचा आकडा आधी न्यूयॉर्कहून यायचा. तिथल्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद भाव तारेने येत आणि त्यांवर पैसे लागत. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव थांबले. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका हा आकड्यांचा जुगार सुरू केला, दोन वर्षांनी रतन खत्रीने स्वतःचा काढला. तीन पत्ते काढायचे, बेरजेचा शेवटचा अंक म्हणजे ओपन, क्लोजही तसाच. खत्रीचा ओपन रात्री नऊला, क्लोज बाराला.

या सगळ्या धंद्यातली खरी करामत मला त्या मधल्या तीन तासांत दिसते. ४७ ची जोडी, म्हणजे ओपन चार आणि क्लोज सात, लावलेल्याला नऊ वाजता चौका आल्याचं कळतं. आता फक्त सत्ता यायचा बाकी! बारा वाजता अठ्ठा येतो. हिशोब केला तर शंभर जोड्यांत लागणारी एकच. पण ओपन बरोबर, क्लोज चूक अशा नऊ, आणि उलट अशा आणखी नऊ. लागणाऱ्या एकामागे थोडक्यात हुकणारे अठरा. शिवाय ७४ आला की ‘पलटी आली’ म्हणून हळहळणारा वेगळाच. सकाळी गिरणीच्या फाटकाशी हे सगळे आपला अंदाज कसा बरोबर होता तेच सांगणार. हरलो असं कोण म्हणेल?

बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हे १९५३ मध्येच लिहिलं होतं: जॅकपॉट थोडक्यात हुकला की माणूस पुन्हा खेळतो, आणि मालकाला त्यासाठी दमडीही मोजावी लागत नाही. पुढे स्लॉट मशीनमध्ये अशी हुकणारी चित्रं मुद्दाम दाखवली जाऊ लागली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस नेवाडात त्यावरून एका जपानी कंपनीवर कारवाईही झाली.

२००९ मध्ये केंब्रिजच्या ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी स्लॉट मशीनसारखा खेळ खेळणाऱ्यांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली. थोडक्यात हुकलं की लोकांना वाईट वाटत होतं, तरी जिंकल्यावर जागे होणारे मेंदूतले काही भाग तेव्हाही जागे होत. खेळायची इच्छा मात्र वाढत होती ती खेळातलं चित्र स्वतः निवडलं असेल तेव्हाच. संगणकाने निवडलेलं हुकलं तर नाही. मटक्यात आकडा कायम आपलाच. स्वप्नातला, गाडीच्या नंबरातला, पोराच्या जन्मतारखेचा.

खत्री २०२० मध्ये गेला. आता मोबाइलवर एकामागून एक बाजार उघडतात. इथला क्लोज हुकेपर्यंत पुढच्याचा ओपन लावून झालेला असतो.