व्हॅनमधील अंतर्गत प्रकाशयोजना

प्रवासी वा मालवाहू व्हॅनच्या बंदिस्त भागात बसणे, वाचणे, झोपणे, माल हाताळणे किंवा रुग्णाची शुश्रूषा करणे यांकरिता केलेली दिव्यांची व्यवस्था. एंजिन बंद असताना हे दिवे चालवावयाचे असतील, तर त्यांना लागणारी ऊर्जा संचायक विद्युत् घटमालेतून, म्हणजे नेहमीच्या भाषेत बॅटरीतून, घ्यावी लागते. हीच घटमाला एंजिन सुरू करण्यासही लागत असल्याने रात्री दिवे जळत राहिले, तर सकाळी वाहन जागचे न हलण्याची भीती असते. यास्तव निवासाची सोय असलेल्या व्हॅनमध्ये दिव्यांसाठी दुसरी स्वतंत्र घटमाला बसविण्याची प्रथा पडली. केवळ दिव्यांपुरता विचार केल्यास मात्र तिचे वजन, जागा व खर्च बहुधा टाळता येतात. हे कसे साधते व त्याला मर्यादा कोणत्या, याचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे.

मोटारगाडीतील दिवे आणि आरंभक चलित्र यांचा संसार सुरुवातीपासूनच एकत्र आहे. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेली विद्युत् आरंभक योजना कॅडिलॅक मोटारगाडीत १९१२ मध्ये आली, तेव्हा त्याच घटमालेवर दिवेही चालत. तोवर एंजिन हाताने दांडा फिरवून सुरू करीत आणि दिवे ॲसिटिलीन वायूचे किंवा रॉकेलचे असत. पूर्वीच्या एकदिश प्रवाह जनित्रातून एंजिन मंद गतीने चालू असताना प्रवाह जवळजवळ मिळतच नसे. आल्टरनेटर या नावाने परिचित असलेले प्रत्यावर्ती प्रवाह जनित्र १९६० पासून प्रवासी गाड्यांत रूढ होऊ लागले व ही अडचण पुष्कळशी कमी झाली. त्यातील सिलिकॉन द्विप्रस्थ प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिशीकरण करतात, शिवाय एंजिन थांबल्यावर घटमालेतील प्रवाहाला जनित्राकडे उलट वाहू देत नाहीत.

भारतात या प्रश्नाशी अनेकांचा संबंध येतो. मारुती कंपनीची १९८४ मध्ये आलेली व पुढे ऑम्नी या नावाने २०१९ पर्यंत तयार होत असलेली लहान व्हॅन, तसेच पुण्याच्या बजाज टेंपो (२००५ पासून फोर्स मोटर्स) कंपनीची टेंपो ट्रॅव्हलर या वाहनांचा उपयोग शाळेची मुले नेण्यापासून फिरते दुकान, रुग्णवाहिका आणि यात्रेतील मुक्काम यांपर्यंत होत आला आहे. यांपैकी बहुतेक कामांत वाहन तासन् तास उभे असते.

घटमालेचे स्वरूप : वाहनातील शिसे-अम्ल घटमालेत सहा घट एकसरीत जोडलेले असतात. पूर्ण भारित व विश्रांत स्थितीत तिचा दाब सु. १२·६ व्होल्ट, अर्धी रिती झाल्यावर सु. १२·२ व्होल्ट व पाव भार उरल्यावर सु. १२ व्होल्ट असतो. दाबातील हा फरक लहान दिसतो. पण त्यावरूनच आत काय शिल्लक आहे हे बाहेरून कळते.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. लहान पेट्रोल एंजिन सुरू करताना आरंभक चलित्र १५० अँपिअर प्रवाह तीन सेकंद घेते असे मानले, तर त्यात खर्च होणारा विद्युत् भार अवघा ०·१२५ अँपिअर-तास भरतो. ३५ अँपिअर-तास क्षमतेच्या घटमालेच्या अर्ध्या टक्क्याहूनही तो कमी आहे. मग निम्म्याहून अधिक रिती झालेली घटमाला एंजिन सुरू करताना का नडते? याचे कारण ऊर्जेच्या साठ्यात नसून घटमालेच्या अंतर्गत रोधात आहे. भार कमी होत जातो तसतसे गंधकाम्ल विरल होते, पट्ट्यांवर शिसे सल्फेट साचते आणि रोध वाढतो. मोठा प्रवाह मागताच दाब कोसळतो व चलित्र नुसते ‘टक्’ असा आवाज करून थांबते. त्याच घटमालेवर एखादा दिवा मात्र आणखी कित्येक तास सुखाने जळू शकतो. दिवा स्वच्छ लागतो म्हणून बॅटरी ठीक आहे, हा पुष्कळ चालकांचा समज म्हणूनच फसवा आहे. थंडीत संकट दुहेरी होते. रासायनिक विक्रिया मंदावते आणि एंजिनातील तेलही दाट होते.

आरंभासाठी बनविलेल्या घटमालेत पातळ पट्ट्या पुष्कळ असतात. क्षणभर मोठा प्रवाह देण्यास ही रचना उत्तम, पण वारंवार खोलवर रिते होणे तिला सोसत नाही. रित्या अवस्थेत राहिल्यास सल्फेटाचे स्फटिक मोठे व कठीण होतात आणि क्षमता कायमची घटते. सबब रोजच्या वापरात तिच्या क्षमतेचा पाचवा हिस्साच दिव्यांसाठी मोकळा समजावा, हे प्रस्तुत लेखकाच्या मते सुरक्षित प्रमाण होय.

दिव्यांचा हिशेब : वरील ३५ अँपिअर-तासांच्या घटमालेतून याप्रमाणे ७ अँपिअर-तास घेता येतील. छतावर प्रत्येकी १० वॉटचे चार तापदीप्त दिवे असतील, तर १२ व्होल्टला ३·३ अँपिअर प्रवाह लागतो आणि दोन तासांत हा वाटा संपतो. दुसऱ्या घटमालेची गरज प्रथम भासली ती या आकडेवारीमुळेच. प्रकाश उत्सर्जक द्विप्रस्थ, म्हणजे व्यवहारातील एलईडी, यांनी हे चित्र पालटले. निळ्या द्विप्रस्थाच्या शोधामुळे (ज्यासाठी इसामू आकासाकी, हिरोशी आमानो व शूजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले) पांढरा प्रकाश देणारे द्विप्रस्थ बनविणे शक्य झाले. लहान तापदीप्त दिवा दर वॉटला सु. १० ते १२ ल्यूमेन प्रकाश देतो, तर सामान्य प्रतीचा एलईडीही ८० किंवा अधिक देतो. वरील चार दिव्यांइतका प्रकाश सहा वॉटमध्ये मिळतो. त्यास ०·५ अँपिअर प्रवाह पुरतो आणि तेच ७ अँपिअर-तास १४ तास टिकतात. रोज पाच तास दिवे लावले, तर २·५ अँपिअर-तास खर्च होतील व अर्ध्या-पाऊण तासाच्या सलग प्रवासात ते भरून निघतील. वाहन एकाच जागी अनेक दिवस उभे राहणार असल्यास मात्र हा हिशेब लागू पडत नाही. आधुनिक वाहनातील घड्याळ, कुलूप व नियंत्रक यंत्रणा बंद अवस्थेतही थोडा प्रवाह घेतात. तो ३० मिलिअँपिअर धरला, तरी दहा दिवसांत दिव्यांचा हा संपूर्ण वाटा एकही दिवा न लावता संपतो. अशा वेळी छतावर १० वॉटचा सौर फलक नियंत्रकासह बसविणे उपयुक्त ठरते. उघड्या उन्हात तो सु. ०·५ अँपिअर प्रवाह देतो.

आपोआप तोडणारी योजना : हिशेब कितीही नेटका असला, तरी दिवा विझविण्याचे विसरणे हा मनुष्यस्वभाव आहे. यावर तीन उपाय आहेत. दिव्यांचे मंडल किल्लीच्या स्विचवरून रिलेद्वारे चालविणे हा पहिला. त्यात धोका नाही, पण वाहन उभे असताना अंधार राहतो. ठराविक वेळाने दिवे घालविणारा कालस्विच हा दुसरा. घटमालेचा दाब ठराविक पातळीखाली जाताच मंडल तोडणारे उपकरण हा तिसरा, आणि उभ्या वाहनासाठी तोच खरा. एलईडीचा प्रवाह अल्प असल्याने जोडलेल्या स्थितीतील दाब विश्रांत दाबाच्या जवळच असतो. म्हणून तोडण्याची पातळी १२·२ व्होल्ट ठेवल्यास घटमालेत निम्मा भार निश्चितपणे मागे राहतो. काही मोटारगाडी-सामानात ही पातळी १०·५ किंवा ११ व्होल्ट ठेवलेली असते. ती घटमाला पूर्ण रिती होऊ न देण्यापुरती आहे. एंजिन सुरू होण्याची हमी ती देत नाही. खरेदी करताना हा फरक अवश्य पाहावा. एंजिन सुरू करताना दाब क्षणभर खाली जातो तेवढ्याने दिवे जाऊ नयेत म्हणून उपकरणात थोडा विलंब असावा.

तारजोडणी : दिवे अल्पशक्तीचे असले, तरी घटमाला अल्पशक्तीची नसते. मंडलसंक्षेप झाल्यास तिच्यातून शेकडो अँपिअर प्रवाह वाहू शकतो व बारीक तार काही सेकंदांत लाल होऊन आवरणासह पेट घेते. याकरिता वितळतार धन अग्रापासून वीतभर अंतराच्या आतच बसवावी. ती दिव्याजवळ बसविली, तर मधली सर्व तार असंरक्षित राहते. रस्त्याकडेच्या कामात ही चूक सर्रास आढळते. वितळतार तारेच्या रक्षणासाठी असते, दिव्याच्या नव्हे, १ चौ. मिमी. तारेस ३ ते ५ अँपिअरची वितळतार योग्य होय. पत्र्यातील छिद्रातून तार नेताना छिद्रास रबरी कडे बसवावे, नाही तर हादऱ्यांनी आवरण कापले जाते. ऋण बाजू वाहनाच्या सांगाड्याला रंग खरवडून जोडावी. ज्या नव्या वाहनांत ऋण अग्रावर प्रवाहमापक संवेदक असतो, तेथे तार थेट त्या अग्राला जोडल्यास दिव्यांचा खर्च संवेदकाला दिसत नाही आणि भारणाचे नियंत्रण चुकते.

एलईडीच्या स्वस्त पट्ट्यांबाबत एक इशारा आवश्यक आहे. त्यांत तीन-तीन द्विप्रस्थ एका रोधकाशी एकसरीत असतात. १२ व्होल्टपैकी सु. ९ व्होल्ट द्विप्रस्थांवर व उरलेले ३ रोधकावर पडतात. एंजिन चालू असताना दाब १४·४ व्होल्टपर्यंत चढतो आणि ही सर्व वाढ मुख्यतः रोधकावर येते. परिणामी प्रवाह दीडपटीच्या आसपास किंवा त्याहून अधिक होतो. पट्टी तापते व काही महिन्यांत तिचे तुकडे एकेक करून विझू लागतात. स्थिर प्रवाह देणारे नियंत्रक मंडल असलेले, ९ ते ३० व्होल्ट असा पल्ला नमूद केलेले दिवे थोडे महाग पडतात, परंतु टिकतात.

२३० व्होल्टचा घरगुती दिवा इन्व्हर्टरवर चालविणे हा मार्ग टाळावा. इन्व्हर्टर कोणताही भार नसतानाही काही वॉट खातो, व ते बहुधा दिव्याच्या खर्चाइतकेच असतात. दिवे लावता यावेत म्हणून उभ्या व्हॅनमध्ये एंजिन चालू ठेवून झोपणे तर सर्वथा वर्ज्य. निष्कास वायूतील कार्बन मोनॉक्साइडाला वास नसतो. पंखा, शीतकपाट किंवा वैद्यकीय उपकरणे चालवावयाची असल्यास वरील सर्व हिशेब अपुरे पडतात आणि दुसरी घटमाला घ्यावीच लागते. ज्यांना कोणतीही तार जोडावयाची नाही, त्यांना प्रवासात १२ व्होल्टच्या खाचेतून भारित होणारे हातदिवे वापरता येतात. त्यांतील लिथियम घट उन्हात बंद करून ठेवलेल्या व्हॅनमध्ये मात्र राहू देऊ नयेत.