शास्त्रीजींची पदवी कोणाच्या पैशावर?

वाराणसीला गंगेपलीकडे रामनगर आहे. तिथलं लालबहादूर शास्त्रींचं साधं घर आता संग्रहालय आहे. वडील तान्हेपणीच गेलेले. १९२१ मध्ये असहकारात शास्त्रीजींनी शाळा सोडली. मग शिकले कुठे? त्याच वर्षी बाबू शिवप्रसाद गुप्तांनी पदरचा पैसा घालून उभारलेल्या काशी विद्यापीठात. १९२५ मध्ये तिथली ‘शास्त्री’ पदवी मिळाली, तीच पुढे नावाला जोडली गेली.

आपल्याकडे साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडलं.

गुप्तांनी संस्था उभी केली, लक्ष्मीबाईंनी ताट भरलं. आपण बहुतेक इमारतीला देतो, कारण तिथे पाटी लागते. पण फी माफ होऊनही मूल एसटीच्या पासापायी आणि खानावळीच्या बिलापायी कॉलेज सोडतं. फौजेत रसद तुटली की तुकडी थांबते, तसंच हे.

हिशेब सोपा आहे. एक लाख ठेवीवर सहा टक्के व्याज धरलं, तर वर्षाला ६,००० म्हणजे महिना ५०० रुपये. मुद्दल शाबूत राहतं. एकट्याला जमत नसेल तर दहा जणांनी मिळून द्या. जवळच्या कॉलेजच्या प्राचार्यांना भेटा, पण पदवी हाती पडेपर्यंत मदत थांबवू नका.