नैराश्यासाठी कंपवाताचे औषध

बायपोलर आजारात उन्मादाची चर्चा जास्त होते. आजारपणाचे जास्त दिवस मात्र नैराश्यातच जातात. दोन-तीन औषधे देऊनही ते हटले नाही, तर डॉक्टरांपुढे पर्याय फार थोडे उरतात. चालू औषधाला दुसऱ्याची जोड देणे हा त्यातला एक.

ब्रिटनमधील 'पॅक्स-बीडी' चाचणीत न्यूकॅसलच्या मानसोपचारतज्ज्ञांनी मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधांना प्रॅमिपेक्सोल या कंपवातावरच्या औषधाची जोड दिली. ते मेंदूत डोपामिनसारखे काम करते, आणि उमेद, आनंद यांचा डोपामिनशी जवळचा संबंध आहे. काहींना खरी गोळी, काहींना हुबेहूब तशीच पण औषध नसलेली. कोणाला कोणती, हे रुग्णाला ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही नाही. दर आठवड्याला झोप, भूक, उदासी यांविषयीची प्रश्नावली रुग्ण स्वतः ऑनलाइन भरत.

हवे होते 290 जण, मिळाले 39. कोविड आडवा आला. 12 आठवड्यांनी प्रॅमिपेक्सोलचे पारडे जड दिसले, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला ते उतरले नाही. पुढे सुधारणा वाढली, मात्र उन्मादाची लक्षणेही वाढल्याचे आढळले. एवढ्या लहान गटावरून हे औषध सरसकट द्यावे, असे मी म्हणणार नाही. मोठी चाचणी मात्र व्हायलाच हवी.

बायपोलर नैराश्यावरच्याच ऑक्सफर्डच्या 'सीक्वेल' चाचणीत (2016) क्वेटायपिन या औषधाला लॅमोट्रिजिन या दुसऱ्या औषधाची जोड उपयोगी ठरली, पण सोबत फॉलिक अ‍ॅसिड घेणाऱ्यांत तो फायदा दिसेना. लॅमोट्रिजिन घेताना ही साधी गोळी चालू असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे.