पायथन आणि क्लिपबोर्ड

आपण कॉपी केलेला मजकूर क्लिपबोर्डवर राहतो; पेस्ट केल्यावरही तो तिथून जात नाही. पायथनमधून क्लिपबोर्डपर्यंत जाण्याची वाट मात्र प्रत्येक प्रणालीत वेगळी. विंडोजमध्ये त्यासाठी प्रणालीचीच फंक्शन्स आहेत. मॅकवर पीबीकॉपी आणि पीबीपेस्ट या आज्ञा तयार असतात. लिनक्सवर बहुधा एक्सक्लिपसारखे साधन वेगळे बसवावे लागते. पायपरक्लिप हे मॉड्यूल प्रणाली ओळखून योग्य वाट निवडते. आपण फक्त त्याची कॉपी व पेस्ट ही फंक्शन्स वापरायची.

पण लक्षात ठेवा, आपला प्रोग्राम जे वाचतो ते दुसरा प्रोग्रामही वाचू शकतो. म्हणून पासवर्ड कॉपी केला असेल, तर काम होताच रिकामी स्ट्रिंग कॉपी करा. विंडोजमध्ये क्लिपबोर्ड हिस्टरी चालू असल्यास तीही पुसा.