फ्लॉपीवरचा मजकूर नव्या संगणकावर

जुन्या फ्लॉपीवरची फाइल आजच्या संगणकावर उतरवून घेण्यात दोन कामे आहेत. एक, चकतीवरच्या चुंबकीय खुणा वाचणे. दुसरे, हाती आलेल्या बाइटांमधून मजकूर उभा करणे. बहुतेकांचा भर पहिल्यावर असतो, पण घाम दुसरेच काढते.

आयबीएमने १९७१ मध्ये आठ इंची फ्लॉपी आणली, १९७६ मध्ये सव्वापाच इंची आली आणि १९८१ मध्ये सोनीची साडेतीन इंची. साडेतीन इंचीचा सर्वांत रुळलेला प्रकार दोन्ही बाजूंना ८० ट्रॅक, ट्रॅकमागे १८ सेक्टर आणि सेक्टरमागे ५१२ बाइट धरतो; एकूण १४,७४,५६० बाइट. तिच्यावर छापलेला १.४४ एमबी हा आकडा हजार आणि १०२४ यांची खिचडी केल्याशिवाय निघत नाही.

ड्राइव्हमध्ये घालण्याआधी फ्लॉपीवर नवे काही लिहिले जाणार नाही अशी सोय करावी लागते. सव्वापाच इंचीची कडेची खाच चिकटपट्टीने झाकायची. साडेतीन इंचीवर मात्र छोटी खिडकी उघडी ठेवायची, म्हणजे नेमके उलटे. मग चकती उजेडात पाहायची. दमट हवेत राहिलेल्या फ्लॉपीवर बुरशीचे डाग असतात. ती तशीच फिरवली तर घाण हेडला चिकटते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवरही ओरखडे उठतात.

त्यानंतर एकेक फाइल ओढून घेण्याचा मोह टाळून अख्ख्या फ्लॉपीची इमेज घ्यावी. डीडीरेस्क्यूसारखा प्रोग्रॅम सहज वाचता येणारे सेक्टर आधी उचलतो आणि अडलेल्या जागांकडे नंतर वळतो. थकलेल्या चकतीसाठी हा क्रम महत्त्वाचा, कारण तिची प्रत्येक फेरी शेवटची ठरू शकते.

यूएसबीला जोडायचे स्वस्त ड्राइव्ह पीसीच्या नेहमीच्या फ्लॉपीपुरतेच. अमिगाची ८८० केबीची फ्लॉपी दिसायला तशीच, पण ट्रॅकवरची मांडणी निराळी असल्याने त्यांना वाचता येत नाही. अशा वेळी क्रायोफ्लक्स किंवा ग्रीसवीझल हे बोर्ड जुन्या ड्राइव्हला जोडतात. ते चुंबकीय बदलांमधले अंतर काळाच्या मापात नोंदवतात; अर्थ लावणे नंतर सॉफ्टवेअरवर सोपवतात. पिट्सबर्गच्या वॉरहॉल संग्रहालयातल्या फ्लॉप्यांवरून चित्रकार अँडी वॉरहॉलची अमिगावरची चित्रे अशीच मिळाली आणि २०१४ मध्ये जाहीर झाली. तिथेही वाचन झाल्यावर अनोळखी फॉरमॅटची उकल कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक क्लबला करावी लागली.

मराठी डीटीपीच्या फायलींत हीच अडचण फॉन्टच्या रूपाने येते. श्रीलिपी, आकृती यांच्या जुन्या फॉन्टांत देवनागरीचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. मूळ फॉन्ट नसला की मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, म्हणून रूपांतराचा तक्ताही वेगळा. शिवाय नुसती अक्षरे बदलून भागत नाही: या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराआधी आणि रफार अक्षरानंतर साठवलेला असतो, युनिकोडमध्ये दोन्ही उलट. जोडाक्षरे तर अर्ध्या तुकड्यांतून पुन्हा जुळवावी लागतात. इस्की या १९९१ च्या भारतीय मानकात साठवलेला मजकूर त्या मानाने सरळ उतरतो, कारण त्याची रचना उच्चाराच्या क्रमाने असते.

रूपांतरानंतर मुद्रितशोधन करावेच लागते. जुनी छापील प्रत हाती असली तर ताडून पाहणे सोपे जाते. मूळ इमेज चेकसमसह वेगळी जपून ठेवतात, म्हणजे तक्त्यात चूक आढळली तरी फ्लॉपी पुन्हा फिरवावी लागत नाही.