उंच इमारती आणि आकाशातील वीज

जून महिन्यात शाळा उघडतात त्या सुमारास, आणि पुढे परतीच्या पावसात, आभाळ भरून येऊन विजा चमकू लागल्या की मुले हमखास विचारतात, "गुरुजी, वीज उंच जागीच का पडते?" या प्रश्नाचे उत्तर वर्गात बहुधा एका वाक्यात दिले जाते. त्यातून कित्येक मुलांची अशी समजूत होते की, उंच वस्तूच्या जवळ उभे राहिल्यास वीज त्या वस्तूवर पडेल व आपण वाचू. ही समजूत घातक आहे. म्हणून या विषयाची थोडी सविस्तर माहिती शिक्षकबंधुभगिनींस येथे देत आहोत.

ढगाच्या खालच्या भागात बहुधा ऋण विद्युत्भार साठतो. त्याच्या प्रभावाने खालील जमिनीवर धन भार गोळा होतो. ढगातून एक अंधुक वाट टप्प्याटप्प्याने खाली उतरू लागते. ती जमिनीच्या जवळ आली म्हणजे झाडे, घरे, खांब यांच्या टोकांतून तशाच लहान वाटा वर झेपावतात. त्यांपैकी एक तिला मिळते, आणि त्याच क्षणी प्रचंड प्रवाह वाहून डोळे दिपविणारा लखलखाट होतो.

परंतु अतिशय उंच इमारतींची गोष्ट याहून निराळी आहे. न्यूयॉर्क येथील एम्पायर स्टेट बिल्डिंग ही १०२ मजल्यांची, ३८१ मीटर उंचीची इमारत १९३१ साली पुरी झाली. तिच्यावर दरवर्षी सरासरी सुमारे २० ते २५ वेळा वीज पडते. १९३५ सालापासून कार्ल मॅकएक्रॉन या अभियंत्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी खास कॅमेऱ्यांनी या विजांची छायाचित्रे घेतली. त्यांत असे आढळले की, पुष्कळशा विजांचा आरंभ ढगात न होता इमारतीच्या शेंड्यापाशीच होत होता, आणि तेथून त्या वर ढगाकडे जात होत्या! सर्वसाधारण विजेच्या फांद्या खाली वळलेल्या असतात. या विजा मात्र झाडाप्रमाणे वरच्या बाजूस फाकलेल्या दिसतात. सुमारे १०० मीटरपेक्षा कमी उंचीच्या इमारतींवर बहुतेक सर्व विजा वरून खाली येतात; ५०० मीटरपेक्षा उंच मनोऱ्यांवर बहुतेक विजा खालून वर जातात.

मग असा मनोरा आसपासच्या साऱ्या प्रदेशाचे रक्षण करतो काय? नाही. मॉस्को येथील ५४० मीटर उंचीचा ओस्तांकिनो मनोरा १९६७ साली उभा राहिला. शेंडा सोडून पुष्कळ खाली, त्याच्या बाजूवर वीज पडल्याचे दिसून आले आहे. इतकेच नव्हे, तर मनोऱ्याजवळच्या जमिनीवरही वीज पडली आहे. खाली उतरणारी वाट आपले ठिकाण अगदी शेवटच्या टप्प्यात निवडते. त्या वेळी तिला जे जवळ सापडेल, त्यावर ती पडते.

गडगडाटाचे कारणही येथेच सांगावे. विजेच्या वाटेतील हवा क्षणार्धात सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते व एकाएकी प्रसरण पावते. वाट कित्येक किलोमीटर लांब असल्याने तिच्या निरनिराळ्या भागांचा आवाज मागेपुढे पोहोचतो, व गडगडाट लांबतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणून ओस्तांकिनोच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या मनुष्यासही शेंड्यावरील कडाका दीड सेकंदाहून किंचित उशिरा ऐकू येईल.

उंच इमारतीस इजा होत नाही याचे कारण तिची उंची नव्हे. तिचा लोखंडी सांगाडा प्रवाह सरळ जमिनीत नेतो, हे ते कारण होय. आपल्याकडे शाळेच्या अगर पंचायतीच्या इमारतीवर जे साधन बसवितात, त्यास 'वीज अटकाव यंत्रणा' म्हणतात. हे नाव थोडे फसवे आहे. ते साधन विजेला अडवीत नाही. तिला स्वतःवर घेऊन जमिनीत पोहोचविते. म्हणून टोकापासून जमिनीतील पत्र्यापर्यंत तांब्याची पट्टी अखंड असली पाहिजे. पट्टी मध्येच तुटलेली असल्यास प्रवाह भिंतीतून अगर जवळच्या माणसातून वाट काढील.

झाडाला असा वाहक नसतो. झाडावर पडलेली वीज खोडावरून शेजारच्या माणसावर उडी घेते, तसेच मुळांभोवतीच्या जमिनीत पसरते. झाडाखाली बांधलेली गुरे दगावतात, ती यामुळेच; त्यांच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर अधिक असल्याने प्रवाह अंगातून जातो.

शिक्षकांनी पुढील गोष्टी अवश्य कराव्यात :

(१) वीज दिसताच मुलांकडून सेकंद मोजून घ्यावेत. तीन सेकंदांस सुमारे एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आल्यास सर्वांनी पक्क्या इमारतीत जावे.

(२) झाड, ध्वजस्तंभ, पाण्याची उंच टाकी यांच्याजवळ कोणासही थांबू देऊ नये. आत आल्यावर नळ व खिडक्यांचे गज यांना हात लावू देऊ नये.

(३) शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास मुलांस मैदानात अगर घरी सोडू नये.

(४) पावसाळ्यापूर्वी इमारतीवरील पट्टी पाहून घ्यावी व ती तुटलेली असल्यास ग्रामपंचायतीस लेखी कळवावे.

उंच वस्तू वीज आपल्याकडे ओढते, आसरा देत नाही. एवढी एक गोष्ट मुलांनी घरी जाऊन सांगितली, तरी हा पाठ सार्थकी लागला असे समजावे.