‘काम’ म्हणजे गप्प बसणे नव्हे

रक्तदाब वाढलेल्या एका मावशींना डॉक्टर म्हणाले, “टेन्शन घेऊ नका मावशी, बी काम!” मावशी आमच्याकडे वळल्या, “काम तर रोजच करतो की हो सिस्टर! आणखी किती करू?”

चूक मावशींची नव्हती. इंग्रजीत शांत असण्याला ‘काम’ म्हणतात. त्यातला ‘एल’ उच्चारत नाहीत, म्हणून तो आपल्या कामासारखाच ऐकू येतो. हा शब्द ग्रीक भाषेतल्या उष्णतेच्या शब्दावरून आला असावा, असे अभ्यासक मानतात. भर उन्हात माणसे सावलीला टेकत, त्या विसाव्यावरून हा अर्थ आला. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला ती सावलीच मिळत नसेल, तर नुसते ‘शांत रहा’ सांगून काय उपयोग?

वस्तीत तर हा शब्द उलटाच वापरतात. नवरा पिऊन मारतो, शांत रहा. मुकादम पगार कापतो, शांत रहा. ही शांती नव्हे, हे तोंड दाबणे आहे.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात दहा पारमितांमध्ये उपेक्खा सांगितली आहे. उपेक्खा म्हणजे उपेक्षा नव्हे. फळ काय मिळते याने मन हलू द्यायचे नाही आणि प्रयत्नही सोडायचा नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर आपल्या माणसांवर हल्ला झाला. बाबासाहेबांनी लोकांना उलट हात उगारू दिला नाही, पण लढा सोडला नाही. १९३७ साली हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. खरे शांत राहणे ते हे.

घरी एवढे करूया. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटे आनापान करावे, येणारा-जाणारा श्वास नुसता पाहावा. दुपारी थोडे टेकावे, तेवढा वेळ घरातल्यांनी काम वाटून घ्यावे. लोणचे, पापड, खर्डा बेताने खावा. बरे वाटले म्हणून रक्तदाबाची गोळी स्वतःच बंद करू नये. शेजारणीची झोपेची गोळी तर मुळीच घेऊ नये.

झोप उडाली, जीव नकोसा झाला, तर १४४१६ या टेलिमानस नंबरवर फोन करा. तो मोफत आहे, मराठीत बोलता येते. घरात मारहाण होत असेल तर १८१ वर फोन करा. मन शांत ठेवूया, तोंड मात्र बंद नको.

जय भीम!